तीन दिवसांचा प्रश्न

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, आणि हा विषय ओरडून बोलण्याजोगा नाही, म्हणून पत्र. प्रोस्टेट ग्रंथी वाढून साठ ग्रॅमची झाली आहे. मशीनवर एक बाही जोडून होत नाही तोच उठावं लागतं, आणि जाऊन उभं राहिलं तरी हाती भोपळा. गेल्या आठवड्यात तर लघवी पार अडली, नळी घालावी लागली.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक वाफेची. आतून वाफ देतात, ग्रंथी हळूहळू आकसते. सकाळी जायचं, दुपारी घरी. पण गुण यायला महिना-दोन महिने, आणि काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं. दुसरं ऑपरेशन. दुर्बिणीतून ग्रंथी खरवडून काढतात. तीन दिवस दवाखान्यात, रक्त जाण्याची भीती, पण गुण लगेच आणि टिकाऊ. आणखी एक परिणाम सांगितला. तो बहिणीला लिहिण्यासारखा नाही आणि या वयात मला त्याचं सोयरसुतकही नाही. तुम्हाला दोन्ही चालेल, निवड तुमची, असं म्हणाले.

मला वाफच बरी वाटते. तुझ्या वहिनीला तीन दिवस कुणावर टाकू? दोन वर्षं झाली, ती मला ओळखत नाही. तिच्या लेखी मी घरी येणारा शिंपी. रोज संध्याकाळी टेप लावून माप घेतो, तेव्हा कुठे चार घास खाते. कधीतरी ओळखेल या आशेवर बसलो आहे गं. त्या वेळी मी समोर असायला हवा.

तुझी तब्येत सांभाळ. उत्तर लिहिताना वॉर्डातला दरारा जरा बाजूला ठेव.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दरारा बाजूला ठेवायला सांगतोस, तर मग नर्सला कशाला विचारलंस? तीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात काढली आहेत. घरी वाघ असलेले लोक नळी पाहून शेळी होतात, तूही त्यातलाच.

वाफ वाईट नाही. पण तुझ्याच धंद्यातलं सांगते: तो कपडा सैल करून देण्याचा प्रकार, आणि खरवडणं म्हणजे उसवून नीट शिवणं. तू आज एकाहत्तरचा. पाच-सात वर्षांनी पुन्हा अडलं, तर तेव्हा टेबलावर चढशील? आणि वहिनीचं तेव्हा कोण करील? तिच्यासाठीच म्हणते, एकदाच काय ते करून मोकळा हो. तीन दिवसांत काही आभाळ कोसळत नाही. मी येते, टेप मी धरीन.

माझ्यावर माया असेल तर ऐकशील, नसेल तरी ऐकावं लागेल.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणशील ती पूर्व दिशा. पुढच्या सोमवारी दाखल होतो, शनिवारपर्यंत ये. दवाखाना घरापासून दोन रस्ते पलीकडे आहे. वहिनीला सांगितलं आहे की कपडा शिवायला घेतला, तीन दिवसांनी मिळेल. तिनं मान डोलावली. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख आजवर मी कधी पाळली नाही, हे तिला कुठे आठवणार!

एकच अट. ती ओळखीचं काही बोलली, तर मी असेन तसा मला बोलवायचं. एवढं कबूल असेल तरच ये.

वाट पाहतो.

दादा

२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी जाऊन महिना झाला. इतके दिवस तुझ्या घरात राहिले, पण तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. आता लिहिते. वाचून पत्र फाड, मला फाड, पण वाच.

तिसऱ्या दिवशी तुला पुन्हा रक्त जायला लागलं आणि डॉक्टरांनी ठेवून घेतलं. इकडे वहिनीनं माझ्या हातातली टेप ओढून फेकली. पेलाभर दुधावर दोन दिवस काढले. चौथ्या दिवशी दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तिनं मला वन्सं म्हणून हाक मारली आणि हे अजून कसे आले नाहीत, असं विचारलं. शिंप्याबद्दल विचारत असेल म्हणून मी कोण ते विचारलं, तर हसली. तुमचा भाऊ, दुसरं कोण, असं म्हणाली.

दादा, मी चप्पल घालून दारापर्यंत आले होते. पण सकाळीच तुला पाहिलं होतं. मूत्राशय धुण्याची बाटली चालू होती, नळीत लाल रंग होता. उठलास तर गुठळी अडकेल, उद्या तर घरी येतोच आहेस, तेव्हा ओळखेल, असा विचार केला आणि परत फिरले. येतील एवढ्यात, असं तिला सांगितलं. तिनं बरं म्हणून डोळे मिटले. तासाभरानं हात लावला, तर हात गार होता.

ऑपरेशन मी करायला लावलं, अटही मीच मोडली. क्षमा कुठल्या तोंडानं मागू?

धाकटी

९ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. चार वेळा वाचलं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ऑपरेशन अगदी उत्तम झालं आहे म्हणतात, पुढची पंधरा वर्षं बघायला नको. तुझा हिशेब चुकला नव्हता, हे तुला कळावं म्हणून लिहितो. वाफेनं भागलं असतं, हेही तुला ठाऊक आहे.

तू मला बोलवायला हवं होतंस. दोन रस्ते तर होते. पिशवी नि नळी हातात धरून आलो असतो. रक्त सांडत आलो असतो. दारात उभा राहून, आलो गं, एवढंच म्हटलं असतं.

दोन वर्षं मी तिला रोज सांगत होतो की मी कोण. ती ओळखून गेली आणि मला ते महिन्यानं पोस्टानं कळलं.

मी फार रागावलो आहे. रागवायला आता तूच एक उरली आहेस, तेव्हा या महिन्यात ये. तिनं कसं विचारलं ते मला सगळं सांग. लोभ आहे तसाच राहील, राग जायला वेळ लागेल.

तुझा,
दादा