विलायतेतल्या दगडावरचं नाव

आवं आबा,

इंग्लंडातल्या तुमच्या लढाईच्या विमानतळावर आता गहू पिकतोय. कडंला एक दगड हाय. माझ्या नातवानं तिथनं त्याचा फोटो मोबाइलवर धाडलाय. मेलेल्यांत तुमचं नाव हाय.

तवा मी पोटात हुते. तुमचं विमान परतलं न्हाई, 'बेपत्ता' एवढीच तार आली, म्हणून आयनं आजवर कुंकू पुसलं न्हाई. आता अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी ती शेवटच्या घटका मोजतीया. हिरवा चुडा उशाला ठेवलाय. सवाशीण म्हणून जायाचं हाय तिला. पर सकाळी माझा हात धरून म्हणाली, "ते हाईत का गं? खरं सांग, माझी शपथ हाय."

जन्मात एकदा तरी लेकीशी बोला, आबा. काय पुसू? तिचं कुंकू, का तुमचं नाव?

तुमी न बघितलेली,
संयोगिता
रहिमतपूर