जी, ए, टी, सी — उलट क्रमाने

३० ऑक्टोबर, बुधवार

सी सगळ्यात मोठा आला. यायला नको होता.

दिवाळीमुळे लॅब रिकामी, यंत्र दिवसभर माझ्याच ताब्यात. चार वर्षं आम्ही एकाच क्रमाने थेंब टाकतो — जी, ए, टी, सी. डीएनएची चार अक्षरं. ती ग्राफीनवर, म्हणजे एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या पत्र्यावर, आडवी चिकटतात. जी सगळ्यात घट्ट, सी सगळ्यात सैल. जितकं घट्ट, तितका करंट बदलतो. आमचे आकडे नेहमी असेच उतरत येतात, थिअरीत म्हटलंय तसेच. त्यावरच पेपर छापून आला. आज सहज उलट क्रमाने टाकले. सी पहिला — आणि सीच मोठा!

चिप खराब असेल.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पाच नव्या चिप्स. टी पहिला टाकला की टी मोठा. ए पहिला, तर ए. शेवटच्या चिपवर नुसतं मिठाचं पाणी टाकलं, डीएनए नाहीच. तेही तेवढंच मोठं.

मग लक्षात आलं. ग्राफीन चिपवर उतरवताना त्याला प्लास्टिकचा पातळ थर देतो, नंतर धुऊन काढतो. तो पुरता निघतच नाही. थेंबागणिक थोडा थोडा सुटतो, पहिल्या थेंबाला सगळ्यात जास्त. चार वर्षं आम्ही तो मळ मोजतोय.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज सर्व मृतांचा दिवस. मम्मीबरोबर पप्पांच्या कबरीवर गेले. पप्पांच्या टीबीवर नेहमीचं औषध चालणार नव्हतं. ते सांगणारा रिपोर्ट यायला सात आठवडे लागले, तोवर तेच औषध चालू. जंतूच्या डीएनएत एक अक्षर बदललेलं, बस. ते अक्षर त्याच दिवशी ओळखायचं म्हणून, पप्पा असतानाच, मी या कामात आले.

मम्मी शेजारच्या कबरीवरच्या बाईंना सांगत होती, माझ्या पोरीचं यंत्र अठरा तारखेपासून मानखुर्दच्या दवाखान्यात लागणार. बाईंनी माझा हात हातात घेतला. मी मेणबत्त्या सरळ करत राहिले.

६ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या गाईड सरांना दाखवलं. त्यांनी ग्राफ पाहिला, लॅपटॉप मिटला. म्हणाले, क्रम ठरलेला आहे ना, मग तो पाळायचा. दमली आहेस, सुट्टी घे.

मी मानखुर्दचं विचारलं. तिथल्या डॉक्टर दर्शना आमच्या चिपवर विसंबून औषध सुरू करणार आहेत.

"चाचणीच आहे ती," सर म्हणाले. "चुकीचं असेल तर चाचणीत कळेलच."

कुणाच्या छातीत कळेल?

७ नोव्हेंबर

उठलेच नाही. मम्मीला सांगितलं, डोकं दुखतंय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रज्योतला सिंगापूरला फोन केला. लॅबमधला माझा सीनियर. ग्राफीन उचलायला मला त्यानेच शिकवलं. पप्पा हॉस्पिटलात होते तेव्हा माझे प्रयोगही त्यानेच उरकले, एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. त्याला तिकडची नोकरी या पेपरवरच मिळाली.

सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "दर्शना मॅडमना बोललीस?" नाही म्हटलं. नंतर करतो म्हणाला आणि ठेवला.

मी त्याची वाट लावतेय. माझी तर लागलीच आहे.

१० नोव्हेंबर

त्याचा फोन नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

मानखुर्दला गेले. डॉक्टर दर्शनांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर चिप्सचा डबा कपाटात ठेवला, कुलूप घातलं. चाचणीसाठी अकरा पेशंटनी सह्या केल्यात म्हणाल्या. बाहेर बाकावर त्यातले दोघे बसले होते.

"त्यांना मी काय सांगू?" त्यांनी विचारलं. "तूच सांग."

त्या दोघांसमोरून खाली मान घालून निघून आले. पप्पांसाठी, पप्पांसाठी म्हणत आले इतकी वर्षं. आणि पप्पांना झालं तेच या लोकांना करायला निघाले होते. पीएचडी गेली, त्याचं आता काही वाटत नाही. कशाचंच वाटत नाही. घरी आल्यावर मम्मी विचारत होती, दवाखाना कसा आहे. छान आहे म्हटलं.

पेपर मागे घ्यायचं पत्र लिहून ठेवलंय. खाली फक्त माझं नाव. पाठवायचा धीर नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी प्रज्योतचा फोन. मानखुर्दचं आणि पत्राचं त्याला सांगितलं.

"यव्होन, मीही क्रम उलटा करून पाहिला होता. तू लॅबमध्ये यायच्या आधी."

मग म्हणाला, "पत्रावर पहिलं नाव माझं घाल."