पुढच्या उजव्या चाकापाशी

मंगळवार, ११ मार्च

यांनी कॉफी वाटीबाहेर ओतली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तीस वर्षं हा माणूस हात डोक्याएवढा उंच नेऊन पेल्यातून वाटीत धार सोडतोय, थेंब सांडत नाही. सकाळी मी म्हटलं, "काल कुठे बसला होतात?" तेही हसले. संध्याकाळी हसले नाहीत. मी पाहिलं की नाही, एवढंच चोरून बघितलं. मी मोगऱ्याच्या टोपलीत डोकं घातलं. पण पाहिलं होतं ना!

गुरुवार, १३ मार्च

मुद्दाम यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. हातात इडल्यांचं ताट. हाक मारली नाही, भांडं वाजवलं नाही. हे आपले समोर बघत बसलेले. मी काही काडी नाही, देवळाभोवतीची सगळी वीथी मला लांबून ओळखते. आणि यांना मी दिसले नाही! ताट खाली ठेवलं तेव्हा दचकले.

शुक्रवार, १४ मार्च

दुपारी डावा डोळा झाकून बसले. सुईत दोरा ओवायला गेले, दोरा सुईच्या शेजारून गेला. टोपलीत फूल टाकलं, ते बाहेर पडलं. माझ्याबरोबर गजरे करायला येणारी आलमेलू शेजारी बसली होती. ती विचारते, अक्का, नवरा सोडून कुणाला डोळा मारतेस? मी हसले.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. आणि यांचं सगळं काम अंतराचं.

देवळाच्या रथाचं पुढचं उजवं चाक. माणसाहून उंच. हे त्याच्यासमोर उलट्या पावलांनी चालतात, हातात लाकडाची पाचर. दोरखंडाला हजारो माणसं लागलेली, त्यांना मागे काय चाललंय ते दिसत नाही. चालत्या चाकाखाली पाचर नेमकी बसली तर रथ वळतो, थांबतो. आणि मग हात बाहेर काढायचा असतो. हे शेवटचं लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवार, १६ मार्च

सरळ विचारलं. नाकारलं नाही. पोंगलपासून डावीकडे अंधार आहे म्हणाले. लाकूड बघायला जातो सांगून कुंभकोणमला दवाखान्यात जाऊन आले होते — एकटे! साखरेने केलंय. डावा गेला, आता उजवा तरी सांभाळा, लगेच उपचार सुरू करा, जड उचलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे ऐकून आले आणि गप्प बसले.

मी म्हटलं, उद्याच जाऊ. तर म्हणाले, दवाखान्यात पाऊल ठेवलं की गावभर होणार, आणि पाचर हातातून जाणार.

"मग मी कोण? फुलवालीचा नवरा?"

"चूल फुलवालीच पेटवते, तेव्हा नाही लाज वाटत?"

मी असं बोलायला नको होतं. मग माझा हात धरून म्हणाले, "तैयल, एवढा रथ ओढून होऊ दे. दुसऱ्या दिवशी तू नेशील तिथे येतो. तुझ्या गळ्याची शपथ. पण तू कुणाला बोलायचं नाही."

मी हो म्हटलं.

बुधवार, १९ मार्च

झोप नाही. डोळा लागला की चाक येतं.

शनिवार, २२ मार्च

रथाभोवतीचे पत्रे काढले. बांबू चढले, रंगीत कापडं आली. दक्षिण वीथीत बांगड्यांची, पितळी दिव्यांची, पिपाण्यांची दुकानं उभी राहतायत. सगळे लॉज भरले. मोगऱ्याचा भाव विचारायची सोय नाही. दहा दिवसांत वर्षाचं कमावणारं हे गाव, आत्ता कुणालाही वाईट बातमी नको आहे.

जो येतो तो ओट्यापाशी थांबून यांचं नाव घेतो, कलियन आहे म्हणजे आम्हाला काळजी नाही. मी मान डोलावते. आमच्याच कोपऱ्यावर रथ वळतो. रथाची कापडं पलीकडच्या घराच्या सज्ज्याला घासून जातात, आणि त्या सज्ज्यावर पोरंबाळं दाटीवाटीने उभी असतात. इतके दिवस मला फक्त यांचा हात दिसत होता. आज तो सज्जा दिसला.

मंगळवार, २५ मार्च

डबा घेऊन रथापाशी गेले. चाकं तपासायला रथ जरासा हलवत होते. यांनी पाचर टाकली. वीतभर चुकली. धाकट्या दिराने, दुरैकण्णूने, ती पायाने आत सारली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. हे हसून काहीतरी बोलले. सगळे हसले.

डबा तिथेच ठेवून परत आले.

मंगळवार, १ एप्रिल

उद्या ध्वज चढणार. पाचरवाल्यांच्या मनगटावर हळदीचा दोरा बांधणार. तो एकदा बांधला की उत्सव संपेपर्यंत सुटत नाही, त्या माणसाला कुणी काढू शकत नाही, तोही मागे येऊ शकत नाही. म्हणजे जे करायचं ते आजच.

वैत्तिलिंगम मामांकडे गेले. सगळे पाचरवाले त्यांच्या शब्दावर चालतात. रंध्याने पाचर तासत बसले होते. मी उभ्या उभ्याच बोलले.

"मामा, यांचा डावा डोळा गेलाय."

रंधा थांबला. वर बघितलं नाही.

"त्याला सांगून आलीस?"

"नाही."

"घरी जा, पोरी."

घरी आले. यांना भात वाढला. नेहमीपेक्षा जास्त तूप घातलं. हे म्हणाले, आज काय विशेष?

बुधवार, २ एप्रिल

ध्वज चढला. पाचरवाले ओळीने बसले. देवळाचे पुजारी, गुरुक्कल, दोरा बांधत बांधत यांच्यापाशी आले. यांनी हात पुढे केला. मामांनी गुरुक्कलांच्या दंडाला नुसतं बोट लावलं, आणि ते पुढे सरकले. दुरैकण्णूला बांधला, पलीकडच्याला बांधला. यांचा हात तसाच. सगळ्या गावासमोर. मग तो हात हळूच मागे गेला, मांडीवर.

मी बायकांत उभी होते. धरणी दुभंगावी वाटलं.

घरी आल्यावर ओरडतील, ताट भिरकावतील म्हणून मनाची तयारी केली होती.

"तू सांगितलंस?"

"हो."

"बरं."

शनिवार, ५ एप्रिल

अबोला. काल म्हटलं, आता लपवायला काय राहिलंय, चला कुंभकोणमला. भिंतीकडे तोंड केलं. आज दुरैकण्णूने विनवलं. त्याला म्हणाले, ध्वज चढल्यावर गाव सोडून राहायचं नसतं, माहीत नाही का तुला? त्याच्याशी बोलतात. माझ्याशी नाही.

शपथ त्यांची होती आणि शब्द माझा. मी मोडला. मग त्यांनी का पाळावी? हे सगळं कळतं मला. तरी भीती वाटते ती उजव्या डोळ्याची.

गुरुवार, १० एप्रिल

रथ.

यांच्या चाकापाशी आज दुरैकण्णू. हे घरात, दार लावून. मीही आतच. ढोल जवळ आले, माणसांचा आवाज जवळ आला, मग जमीन थरथरायला लागली आणि फळीवरची भांडी वाजू लागली. कोपरा आला. यांनी डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. मग हळूच म्हणाले, "आता."

आणि बाहेर पाचर बसल्याचा तो कर्र आवाज. रथ वळला. गर्दीने एकच आरोळी ठोकली. सज्जा शाबूत, पोरं शाबूत, दुरैकण्णूचे दोन्ही हात शाबूत. आणि माझा माणूस माझ्यासमोर धडधाकट बसलेला!

मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. सुटले म्हणून. केलं ते बरोबर केलं. पुन्हा करीन.

रविवार, १३ एप्रिल

ध्वज उतरला. दुरैकण्णू देवळात मिळालेलं मानाचं रेशमी वस्त्र घेऊन आला, यांच्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, अण्णा, हे तुझंच आहे. यांनी त्यावरून हात फिरवला. बघितलं नाही. घडी परत दिली.

दिवसभर ओट्यावर बसतात. पेपर उघडत नाहीत. माझ्याकडे तर नजर वळवत नाहीत. पानातल्या भाजीकडेही नाही, समोर येईल ते कालवून गिळतात. "मी मेले असं समजूनच बसलात का?" म्हणून विचारलं. उत्तर नाही. दवाखान्याचं काढलं. त्यालाही नाही.

ठीक आहे. मलाही राग आहे. मी काय वाईट केलं? आता मीही बोलणार नाही. बघू कोण आधी तोंड उघडतं.

गुरुवार, १७ एप्रिल

दोघंही मुके. ताट ठेवते, ताट उचलते. आलमेलू येते म्हणून घरात माणसाचा आवाज तरी आहे. यांच्याशी दोन शब्द बोलते, हे तिला उत्तर देतात. मला जळफळाट होतो.

सोमवार, २१ एप्रिल

आज आलमेलू आली नाही, नातीला ताप. मी एकटीच ओट्यावर गजरे करत बसले, यांच्यापासून हातभर अंतरावर. डोक्यावर ऊन. वीथी लख्ख. एकाएकी माझ्याकडे तोंड करून बोलले —

"आलमेलू, तैयल कुठे गेली गं? किती दिवस तिचा आवाज नाही. भेटली तर सांग, मी येतो म्हणावं दवाखान्यात. राग राहिला नाही."