टेलिफोन एक्स्चेंजची मागची बाजू

३ मार्च, सोमवार

पाडणार म्हणे! आमचं जुनं टेलिफोन एक्स्चेंज! दुकानाचं शटर अर्धं वर नेलं होतं, तोच औषधवाला पेपर नाचवत आला. "ताई, वाचलंत का? जमीनदोस्त!" वाईट बातमी इतक्या उत्साहाने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका बिल्डरला ती जागा हवी आहे. सगळं पाडून वर पार्किंग, खाली चकचकीत दुकानं. शहराच्या अगदी मधोमध उभी असलेली इमारत — दगडी कमानी, उंच खिडक्या — आणि आत फक्त कबुतरं. किती वर्षं रिकामी आहे, कोणालाच धड आठवत नाही. आमची गल्ली तिच्या मागच्या अंगाला. माझं चष्म्याचं दुकान, शेजारी औषधवाला, पलीकडे न्हावी.

न्हावी म्हणतो, "पाडू देत की. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा शोधतं, तोवर त्याचे केस आणखी वाढतात."

हसले. पण दिवसभर कशात जीव लागेना.

५ मार्च

बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष औषधवाला — त्यानेच स्वतःला नेमलं. नगरपालिकेच्या सुनावणीत बोलायचं कोणी? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "तुमच्या घरात इंजिनिअर आहे ना!" म्हणजे घरात फ्रिज आहे तसा! हो म्हणून बसले.

घरी आले, सांगायला तोंड उघडलं, तर आमचे हेच आधी म्हणाले, "अगं, नगरपालिकेने एक्स्चेंजची तपासणी माझ्याकडे दिलीय. पाडायचं की ठेवायचं, त्यावर अहवाल द्यायचाय."

दोघंही हातात ताट घेऊन तसेच उभे.

मग ठरलं — जेवताना इमारत नको. मी म्हटलं, जेवल्यावरही नको.

८ मार्च

इमारतीबद्दल एक शब्द नाही. भाजीत मीठ नव्हतं, त्याबद्दलही नाही.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. तिला कोणी सांगितलं कोण जाणे. "आई, तू आणि बाबा एका इमारतीवरून वेगळे होणार की काय?" मी म्हटलं, तुझे बाबा भिंतींशी बोलतात, मी माणसांशी बोलते, वेगळे आम्ही पहिल्यापासूनच आहोत. ती हसली. हेही पेपराआडून हसले, म्हणजे ऐकत होते तर!

१५ मार्च

आज आत गेले. पहिल्यांदाच! ह्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांना पाहणीला बोलावलं होतं. बिल्डरचा माणूस, औषधवाला, न्हावी आणि मी. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. औषधवाल्याला ती कानापर्यंत आली.

पुढचा जिना म्हणजे काय सांगू! लाकडी कठडा हातांनी झिजून गुळगुळीत झालेला. वर लांबच लांब हॉल. इथे ऑपरेटर बायका ओळीने बसायच्या. फरशीवर त्यांच्या उंच स्टुलांच्या पायांचे खळगे अजून दिसतात. काचांतून ऊन आत आलं होतं. मी तर वाटणीच करून टाकली — इथे वाचनालय, तिथे मुलांचं नाटक, त्या कोपऱ्यात कॉफी. न्हावीसुद्धा टोपी काढून उभा राहिला. "च्यायला," एवढंच म्हणाला.

मग मागची बाजू. तिथे ऊन नाही. ओल, बुरशी. ह्यांनी हातोडीने स्लॅबवर हलकेच ठोकलं, तर खपली पडली आणि आतली सळई दिसली. गंजून पापुद्रे सुटलेले. मी पुढे पाऊल टाकणार, तर ह्यांचा हात आडवा आला.

"तिकडे नको."

घरी हा आवाज मी कधी ऐकलेला नाही. माझ्यावर रागावतानाही नाही.

१६ मार्च

समितीची बैठक. मी म्हटलं, मागची बाजू खरंच वाईट आहे. औषधवाला म्हणाला, "अहवाल खोटा आहे असंच म्हणायचं. एक बाजू सोडली की दुसरी गेलीच समजा." मग इकडे तिकडे बघत म्हणाला, "तसंही, बिल्डर इंजिनिअरांना कसं सांभाळतात, ते सगळ्यांना माहीत आहे."

मी पर्स उचलली आणि उठले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. काहीतरी गार पडलं आत.

ह्यांना सांगितलं नाही. चहा केला. दोन घोट झाल्यावर मीच नियम मोडला. "अहो, खरं सांगा. पुढची बाजू टिकेल?"

"आपल्या नातवंडांनाही पुरेल."

"आणि मागची?"

"तिच्याखाली मी तुला उभं करणार नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली. ह्याहून गोड काही हे बोलल्याचं आठवत नाही!

२२ मार्च, शनिवार

सुनावणी. सभागृह भरलेलं, पंखे नुसते आवाज करणारे. बिल्डरने पडद्यावर चित्रं दाखवली. त्यातली सगळी माणसं सडपातळ आणि हसरी. मग आमच्या औषधवाल्याने हुकमाचं पान काढलं — जुनी ऑपरेटर बाई. उभं आयुष्य त्या हॉलमध्ये काढलेली. काठी टेकत माइकपाशी आली. औषधवाला आधीच रुमाल काढून तयार.

बाई म्हणाल्या, "पाडा."

औषधवाल्याने रुमाल परत खिशात घातला.

"तुम्ही ती बाहेरून बघता. छान दिसते. आम्ही आतून पाहिलीय. खिडक्या उघडायला बंदी होती, धूळ येते म्हणून. उन्हाळ्यात बायका चक्कर येऊन पडायच्या. शेजारणीशी बोललं तर पगार कापायचे. आख्ख्या गावाला बोलतं करायचं आणि स्वतः गप्प बसायचं! मला तिथे काही जपायचं नाही."

टाळ्या वाजल्या, त्या बिल्डरच्या बाजूने. बाईंनी तिकडेही डोळे वटारले. "तुमच्यासाठी नाही म्हटलं!"

नंतर माझं नाव पुकारलं. भाषण पाठ होतं — वैभव, वारसा, कमानी. ते सगळं सोडून दिलं. कालपर्यंत मी त्या हॉलमध्ये कॉफी मांडून बसले होते, आणि ह्या बाईला तिथे श्वास घेता येत नव्हता.

मी म्हटलं, "मागची बाजू पाडा. ती धोक्याची आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय. तिथे पार्किंग करा. पुढची ठेवा — पण बाईंना विचारून. त्या सांगतील तशी."

मागून औषधवाला कुजबुजला, "घरभेदी." ऐकू येईल इतपत मोठ्याने.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बाईंना विचारलं, ठेवली तर काय करावं तिथे? "बसायला जागा करा. कोणी हटकणार नाही अशी. आणि आधी त्या खिडक्या उघडा."

हे शेवटच्या रांगेत होते. बाहेर आल्यावर माझी पिशवी घेतली हातातून.

२९ मार्च

औषधवाला समोरून गेला. माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघून गेला, माझ्याकडे नाही.

११ एप्रिल

निर्णय आला! पुढची बाजू राहणार, मागची उतरवणार, त्या जागी लहानसं पार्किंग. वरचा हॉल सगळ्यांसाठी खुला, बिनतिकिटाचा. बिल्डर कुरकुरला, पण सही केली. न्हावी पेढे मागतोय — माझ्याकडे! म्हणतो, "दोन्हीकडून जिंकलात की."

बाईंना फोन केला. "हं," म्हणाल्या. मग, "खिडक्यांना जाळी लावा, कबुतरं येतात." म्हणजे येणार आहेत तर!

रात्री ह्यांनी दोन खुर्च्या गॅलरीत मांडल्या. जेवताना इमारतच होती तोंडी. मीठ बरोबर पडलं होतं.

१४ एप्रिल

औषधवाल्याने खोकल्याचं औषध पाठवलं. मला खोकला नाही. ठीक आहे, घेतलं.

१२ मे, सोमवार

मागची बाजू उतरवायला घेतली. दुपारी हे पळत गल्लीत आले. ह्यांना मी पळताना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या दुकानांना मागे स्वतःची भिंतच नाही. कपाटं, आरसे लावून आम्ही जिला आपली म्हणत होतो, ती एक्स्चेंजचीच. इतकी वर्षं आमची आख्खी ओळ तिलाच टेकून उभी होती. काम थांबवलंय. पण भिंत हललीय. तिन्ही दुकानं रिकामी करायची, आज, आत्ता — आणि बहुतेक पाडायची.

"माझं चुकलं," म्हणाले. "गल्लीतून दुकानांच्या आत येऊन बघायचं राहिलं." शेजारी औषधवाला दारात उभा, सगळं ऐकत.

मी चष्म्याच्या फ्रेमांचा खण उपसला आणि ह्यांच्या हातात दिला. "आधी हे धरा. जपून." दुसरा खण औषधवाल्याने न सांगता उचलला.