आमच्या गल्लीचा आकडा

३ जानेवारी १९८४
साहेबांनी सर्व्हे माझ्याकडे दिला. बारा मोहल्ले, घरोघरची कमाई. मग कॉम्प्युटर सांगणार, नागपुरात गरीब आणि श्रीमंत किती वेगळे राहतात. एकच आकडा. शून्य म्हणजे सगळे मिसळून, एक म्हणजे पार वेगळे. अख्ख्या ऑफिसात स्टॅटिस्टिकल पॅकेज मला एकट्याला येतं (पंधरा दिवसांचं ट्रेनिंग). प्रमोशन पक्कं. आजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

९ जानेवारी
सुरुवात आमच्याच विणकरांच्या गल्लीपासून. ओळखीचे लोक, काम लवकर होतं. शेजारच्या सखूबाईंनी विचारलं, खरं सांगू का गा, का कमी? गल्लीला वाटतं, कमाई कमी दिसली की सरकारी सुताचा कोटा वाढणार. म्हटलं, कमी सांगून आजवर कोणाचं नुकसान झालंय? इथं तीन पिढ्यांत कोणी सरकारला खरी कमाई सांगितलेली नाही. बाबाही म्हणाले, तुया पगार धरू नको, दोन मागांचंच लिही, तेही अर्धं. लिहिलं. सॅम्पल मोठं असलं की अशा चुका आपोआप जिरतात. खर्रा एकच.

२ फेब्रुवारी
अठराशे चाळीस कार्डं पंच झाली. चंद्रकलाने विचारलं, हे कागद जातेत कुठी? बायकोला काय सांगणार! म्हटलं, मशीनला नाव-गाव कळत नाही. तर म्हणे, मशीनले नाही कळत, मशीनवाल्याले त कळते. अडाणीपणा.

१७ फेब्रुवारी
आकडा आला. ०.७४! साहेब खूश. नकाशावरचा सगळ्यात गरीब तुकडा लाल पेन्सिलीने मलाच रंगवायला लावला. निघाली आमचीच गल्ली. हसू आलं, आमच्याकडे तर स्कूटर आहे. साहेबांनी विचारलं, ओळखीची वस्ती आहे का? नाही म्हटलं. सायन्समध्ये घरगुती गोष्टी कशाला. रंग मात्र सुंदर भरला.

५ मार्च
दुपारी जेवायला घरी आलो, तर टेप आणि रंगाचा डबा घेऊन चार माणसं गल्लीत. दारोदारी लाल नंबर. सखूबाईंनी त्यांना चहा पाजला, कोटा आला म्हणे. आमचा नंबर तेवीस. पलीकडच्या गल्लीत व्यापारी गुलाबचंदच्या दारावर काही नाही. चंद्रकला म्हणाली, मग आपल्याच दारावर काहून? मी सॅम्पलिंग समजावलं. ऐकलं नाही, ओल्या फडक्यानं नंबर घासत बसली. निघत नाही. खर्रा तीन.

२२ मार्च
टेबलावर फाईल. हटवायच्या वस्त्यांची यादी. पहिलं नाव आमच्या गल्लीचं. घरटी एक प्लॉट, शहराबाहेर कन्हानकडे, दहा बाय बारा फूट. साहेबांना म्हटलं, आकड्यांत थोडी गडबड असावी. साहेब शांतपणे म्हणाले, फॉर्मवर सही कोणाची? माझी. मग गडबड कोणाची? मी शेरा लिहून दिला: आकडे तपासले, बरोबर आहेत. नोकरी गेली तर घर कसं वाचवणार? जूनपर्यंत वेळ आहे. काहीतरी करूच.

२ एप्रिल
प्रमोशन झालं. पहिलंच काम, नोटिसा वाटणे. एक ते एकेचाळीस. सखूबाईंनी माझ्याकडूनच वाचून घेतली. म्हणाल्या, तूच त म्हणे गा, कमी सांगा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
तेवीस नंबरची खिशात ठेवून घरी आलो. चंद्रकलाने ती काढून बाबांसमोर ठेवली. बाबा उठले. वितीनं माग मोजले, मग जमिनीवर दहा बाय बारा मोजलं. म्हणाले, दोन माग बसतेत गा. आपणच नाही बसत.
मी खर्रा आणायला गेलो.