दंडाचं लुगडं

आये, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी पोर लग्नाला आली, तरी राग गेला नाही. आज सकाळी सुईदोरा घेऊन ओसरीवर बसले आणि तो पुन्हा उसळला. म्हणून चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर आज तुझ्यावर खर्च करते.

बांनी भोरच्या बाजारातून ते हिरवं लुगडं आणलं, तो दिवस मला पक्का आठवतो. तू चुलीपुढं बसून ते नाकाशी धरलंस, काठावरून बोट फिरवलंस आणि सरळ ट्रंकेत टाकलंस. अंगावर होतं त्याला दोनदा दंड घातलेला. मधला विरलेला भाग कापायचा, दोन धड टोकं जोडून शिवायची आणि आणखी एक वर्ष काढायचं. दर वेळी लुगडं आखूड व्हायचं आणि तू ते ओढूनताणून पुरवायचीस. बा दर दिवाळीला म्हणायचे, एकदा नेसून तरी दाखव. तू हसून विषय बदलायचीस. मला त्या हसण्याचाच राग येतो. माणूस मागून मागून काय मागत होतं?

शिवऱ्याला मामाच्या लग्नात तू मलाही तसलंच दंडाचं लुगडं नेसवलंस. मी बारा वर्षांची. पोरींनी शिवण बघितली आणि दिवसभर विचारत राहिल्या, कसला गं दंड झाला तुला, चोरी केलीस का. घरी येऊन मी ट्रंकेवर लाथ मारली. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "नेसलं की जुनं व्हतंय. ट्रंकंत हाय तवर नवं हाय." खोटं होतं ते, आये. ट्रंकेत ते घड्यांवर विरत चाललं होतं.

तू तापानं गेलीस तेव्हा मी सासरहून, सारोळ्याहून, धावत वरव्याला आले. चुलती म्हणाली, "सवाशीण गेलीया, नवं नेसवा तिला." ट्रंक उघडायला मीच गेले. जन्मभर अंगाला लावलं नाहीस आणि आता जाळायला नवं, या विचारानं माझं डोकं फिरलं. मी ते तांदळाच्या कणगीत खुपसलं आणि बाहेर येऊन सांगितलं की आयेनं नवं कुणाला तरी देऊन टाकलं. बाजार लांब होता, थांबायला वेळ नव्हता. तू दंडाच्या लुगड्यात गेलीस.

मी तरी कुठं लगेच नेसले? कणगीतून गुपचूप काढून सासरी नेलं आणि माझ्या ट्रंकेत टाकलं. लढाईत कापडाला कंट्रोल लागला, दुकानात वारभर कापड मिळेना, तेव्हा बाहेर काढलं. मग मात्र रोज नेसले, भातलावणीच्या चिखलात, गुरांमागं. तुला दाखवून दाखवून नेसले. आज ते मधोमध विरलंय आणि मी त्याला दंड घालतेय.

हे पत्र कुठं धाडणार? ट्रंकेतच पडून राहील. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुला उचलण्याआधी बा जवळ आले. पदर हातात घेतला, शिवण चाचपली आणि मला हळूच विचारलं, "ते हिरवं कुठं गं?"

मी म्हणाले, मला ठाऊक न्हाई. तू जन्मभर त्यांना नाही म्हणालीस. शेवटचं नाही मी म्हणाले.