सैल सोडायचं राहिलं

४ जून

ती. ताईस, धाकट्याचा सा. न.

हे पत्र घरात कुणी नसताना वाच. घाबरण्यासारखं काही नाही. तीनदा कच्चं लिहून मग हे पक्कं लिहिलं आहे.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा तुझ्या तिकिटांच्या पिशवीचा पट्टा शिवून दिला होता. शिवण्यासाठी पिशवी रिकामी केली, तर तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्यांचा दुसरा जोड होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं. मग जेवताना दाजी म्हणाले, की ही ड्यूटीवर पाण्याचा थेंब घेत नाही, उंटीण आहे नुसती. तू ताटातून मान वर केली नाहीस. दिवसभर बसमध्ये ओरडून घसा सुकवणारी कंडक्टर पाणी पीत नाही, हे मला खटकलं.

सध्या माझं काम एका पिलाटीजच्या वर्गात चालू आहे. तिथे सरकते पलंग असतात आणि त्यांना लावलेल्या स्प्रिंगा ताणून बायका व्यायाम करतात. झिजलेल्या स्प्रिंगा मी बदलतो. मी पडद्याच्या अलीकडे असतो, पण कान बंद करता येत नाहीत. शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, की कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय ती तोलून धरते. बाळंतपणानंतर ती ढिली पडू शकते. मग शिंक आली, वजन उचललं, की लघवी निसटते. कितीतरी बायका हे वर्षानुवर्षं लपवतात, आणि व्यायामाने पुष्कळ फरक पडतो.

मला तू आठवलीस. चुकलो असेन तर दोन शिव्या लिहून पाठव.

लोभ आहेच, या पत्राने तो आटू नये.

तुझा धाकटा

११ जून

चि. धाकट्यास, अ. आ.

शिव्या दोन नाही, चार लिहिल्या होत्या. मग तो कागद फाडला. धाकट्या भावाने बहिणीला असलं पत्र लिहावं, आणि तेही इतक्या सुबक अक्षरात.

खरं आहे ते. धाकटी लेक झाली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं. लांबच्या मार्गावर अडीच तास गाडी उतरून जाऊन येण्याइतकी कुठे थांबत नाही. खड्डा आला की बाकीचे दांडा धरतात, मी श्वास धरते. दोनदा कपडे भिजले, तेव्हा बाटली सांडली असं सांगितलं. यांना यातलं काही माहीत नाही.

राजीनामा लिहून कपाटात ठेवला आहे. एक तारखेला देणार. चौदा वर्षं झाली नोकरीला. मी डबल बेल दिली की पन्नास माणसं हलतात. घरात एक पोरगं जागचं हलत नाही माझ्या सांगण्यावरून. हे सगळं सोडायचं म्हटलं की कपाट उघडून पुन्हा लावते.

तो व्यायाम नीट लिहून पाठव. दवाखान्यात जा असं मात्र सांगू नकोस. तिथे रांगेत डेपोतल्याच बायका भेटतात.

माया पातळ करू नकोस, तू मुळात बारीक आहेस.

तुझी ताई

१५ जून

ती. ताईस, सा. न.

काल पडद्याआडून ऐकून प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने उतरवलं, तेच शब्दन् शब्द लिहितो. श्वास बाहेर सोडताना, वारा सरू नये म्हणून आवळतो तसे खालचे स्नायू आवळून वर उचलायचे. पोट, मांड्या, जबडा आवळायचा नाही. दहा अंक मोजेपर्यंत धरायचं. बसून, उभं राहून, कुठेही करता येतं.

माझ्याकडून काही सुटलेलं नाही. दोनदा ताडून पाहिलं.

जीव लावून कर. माझा जीव इथे टांगलेला आहे.

तुझा धाकटा

२५ जून

चि. धाकट्यास, अ. आ.

तू लिहिलंस तसंच केलं. कुठेही करता येतं म्हणालास, म्हणून डेपोपासून शेवटच्या थांब्यापर्यंत आवळूनच उभी राहते. आता ओटीपोटात दुखतं, आणि पूर्वी अडीच तास तग धरायची ती आता अर्ध्या तासात कासावीस होते.

तुझं काही चुकलं नाही. माझं शरीरच चुकार. सोमवारी अर्ज देते. मनाला लावून घेऊ नकोस, तुला ती खोड आहे.

तुझी ताई

२८ जून

ती. ताईस, सा. न.

पत्र पोस्टात अडकेल म्हणून तुमच्याच डेपोच्या ड्रायव्हरांच्या हाती, डिंकाने चिकटवून पाठवतो. अर्ज देऊ नकोस. चूक माझी आहे.

तुझं पत्र वाचून मी वर्ग सुटेपर्यंत दारात उभा राहिलो आणि बाईंना सगळं सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही, पण कान तापले होते. मी काय लिहून दिलं, ते त्यांनी विचारलं. मी नक्कल ठेवतोच, ती दाखवली. त्यांनी वाचून विचारलं, की यात सैल सोडणं कुठे आहे? मी प्लायवुड तपासलं. नव्हतं. त्या सैल सोडायला सांगत होत्या तेव्हा माझं ड्रिल चालू झालं होतं. जे ऐकू आलं ते अचूक उतरवलं, आणि निम्मं ऐकलंच नव्हतं.

बाईंनी मला विचारलं, वर्ग संपल्यावर स्प्रिंगा आकड्यावरून का काढून ठेवतोस? मी म्हणालो, ताणलेली राहिली तर स्प्रिंग मरते. म्हणता म्हणता मला कळलं. रोज हाताने करतो ते बहिणीला लिहिताना सुचलं नाही.

जितकं धरायचं, निदान तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. दिवसभर आवळायचं कधीच नाही. दुखतंय तोवर तर आवळणं बंदच, नुसता सावकाश श्वास. पाणी प्यायचं. आणि फिजिओथेरपिस्ट बाईंकडून तपासून घ्यायचंच, कारण कुणाचे स्नायू ढिले असतात, कुणाचे आखडलेले, ते पडद्याआडून ठरत नाही. रांगेत डेपोतल्या बायका दिसल्या, तर त्या तिथे कशाला आल्या आहेत तेही विचार.

राग मानलास तरी चालेल, अर्ज मात्र देऊ नकोस.

तुझा धाकटा

१९ सप्टेंबर

चि. धाकट्यास, अ. आ.

अर्ज दिला नाही. ड्रायव्हरांनी तुझं पत्र डेपोच्या दारातच हातात ठेवलं.

तपासून आले. सहा वर्षं भीतीने आवळून आवळून स्नायू आखडले होते, आणि थकलेही होते. पहिला महिना नुसतं सोडायलाच शिकवलं. तेच अवघड गेलं. आता पुष्कळ बरं आहे. मोठी शिंक आली तर अजून दगा होतो, खोटं कशाला लिहू. यांना सांगितलं. तर म्हणाले, आणि मी उंटीण म्हणत होतो. आता सकाळी बाटली तेच भरून देतात.

काल लांबच्या मार्गावर होते. अर्ध्या वाटेवरच्या थांब्याला ड्रायव्हरना म्हणाले, की मला जाऊन यायचंय, सात मिनिटं गाडी उभी राहील. ते घड्याळ दाखवायला लागले. उशीर माझ्या नावावर लिहा म्हटलं आणि उतरले. वळून बघते तर मागोमाग नऊ बायका उतरत होत्या. एक म्हातारी माझ्या खांद्याला धरून उतरली. म्हणाली, आठ वर्षं या गाडीने जातेय बाई, कुणी थांबवेल म्हणून वाट बघत होते.

गाडी अकरा मिनिटं उशिरा पोचली. डेपोच्या वहीत तसं स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही केली.

तुझी ताई